तुलनेची माणसे

११ जानेवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, मागितलेले नसले तरी.

तुझा संदेश मिळाला. 'ताई, अहवाल वाचला. पटलं.' पाच वर्षांच्या मौनानंतर चार शब्द, आणि त्यांतला शेवटचा तू मला उद्देशून आयुष्यात प्रथमच वापरलास, असे माझी स्मरणशक्ती सांगते. तो मी तीनदा वाचला. तिसऱ्यांदा केवळ चष्मा बदलला होता म्हणून.

फोनवर उत्तर देता आले असते. पण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस आणि मी तुला ते सुरू करू देत नाही. कागदावर निदान एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने थांबायचे, एवढी शिस्त राहते.

जुन्या विषयाला एकदाच हात घालते, म्हणजे तो वाटेत आडवा येणार नाही. घटस्फोटाच्या खटल्यात मी तुझ्या बायकोच्या बाजूने साक्ष दिली असे तू मानतोस. मी ती विचारलेल्या प्रश्नाच्या बाजूने दिली. वकिलाने विचारले, 'हे रात्रीच्या जेवणाला घरी किती वेळा असत?' मी सांगितले. घरी नसायचास तेव्हा तू कुठल्यातरी फुटलेल्या जलवाहिनीपाशी चिखलात उभा असायचास, हेही सांगायला मी तयार होते. ते मला कोणी विचारले नाही. तोच प्रश्न आज विचारला तर उत्तर तेच राहील. आता पुढे.

निवृत्तीनंतर सार्वजनिक आरोग्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात मी प्रवेश घेतला, हे तुला इतरांकडून कळले असणार, आणि 'म्हातारपणी हे काय खूळ' असेही तू म्हणाला असणार. खूळ नाही. सारी हयात मी तर्कशास्त्राच्या वर्गात 'सर्व मनुष्य मर्त्य आहेत' हे विधान फळ्यावर लिहिले. कोणत्या वयात, कोणत्या वस्तीत आणि कशाने, हे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. मीही विचारले नाही. विधान निर्दोष होते आणि निरुपयोगी होते. त्याचा उरलेला भाग शिकावा, म्हणून आले.

वर्गात मी सर्वांत थोरली. पहिल्या दिवशी शेजारच्या बाकावरचा दातांचा डॉक्टर अदबीने उठून म्हणाला, 'मॅडम, फळा त्या बाजूला आहे.'

'मी शिकवायला नाही, परीक्षा द्यायला आले आहे,' मी म्हटले. 'तू बसला आहेस तिथे पंखा लागतो. सरक.'

तो सरकला. तेव्हापासून आमचे उत्तम चालले आहे. तो मला संगणकावरची आकडेमोड शिकवतो आणि मी त्याला 'म्हणून' हा शब्द कुठे वापरू नये ते शिकवते.

तुला पटलेला अहवाल हा माझ्या प्रबंधाचा पहिला भाग. गोदामांमागच्या वसाहतीत कावीळ कशाने पसरते आहे, हा प्रश्न. पद्धत अशी: प्रत्येक रुग्णामागे एक निरोगी माणूस घ्यायचा, दोघांच्या राहणीची बारकाईने चौकशी करायची, आणि रुग्णाने असे काय केले जे निरोग्याने केले नाही, ते शोधायचे. या निरोग्यांना मी तुलनेची माणसे म्हणते. इतरांनी ती हाताला लागतील तशी गोळा केली. मी तसे केले नाही. रुग्ण ज्या इमारतीत, ज्या मजल्यावर, त्याच मजल्यावरचा, त्याच वयाचा, पुरुषामागे पुरुष आणि बाईमागे बाई, असा माणूस मिळेपर्यंत मी जिने चढत राहिले. तुलना करायची तर बाकी सर्व समान हवे. वर्गात इतकी काटेकोर जुळवणी दुसऱ्या कोणाची नाही.

चौकशी लांबलचक असते. एक शिंपीणबाई आहेत. त्यांच्या धाकट्या मुलाला कावीळ झाली, थोरल्या सुनेला पाचवा महिना आहे, आणि त्या स्वतः मशीनवरून न उठता उत्तरे देतात. पाणी कुठले, जेवण कुठे, बाहेर काय खाता, हात कधी धुता, असे विचारत मी तिसऱ्या पानावर आले तेव्हा त्या म्हणाल्या, 'अहो मोठ्या बाई, एवढं तर सोयरीक जमवतानासुद्धा कोणी विचारत नाही! मुलगी पसंत आहे की नाही तेवढं सांगून टाका.'

निष्कर्ष तू वाचलाच आहेस. रुग्ण आणि निरोगी, दोघांच्या पिण्याच्या पाण्यात काडीचा फरक नाही. पाण्यावरचा संशय टिकत नाही. बाहेरच्या गाड्यांवरचा बर्फ तपासावा. तू तो आरोग्य समितीपुढे ठेवलास, 'पाण्याची लाइन निर्दोष' असे ठणकावलेस आणि लाइन तपासायला वसाहतीत व्हायची खणाई रद्द करून घेतलीस, असे कळले. पाणीपुरवठ्याचा मुख्य अभियंता म्हणून ते तुझे कामच होते. माझे वाक्य तुझ्या तोंडून सभेत म्हटले गेले, याचा मला आनंद झाला. तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

तुझी थोरली


२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

तुझी एक वस्तू परत करायची आहे. 'पटलं' हा शब्द.

आमच्या मार्गदर्शक बाई माझ्या शेवटच्या तुकडीतल्या विद्यार्थिनींच्या वयाच्या आहेत. रजेवरून परतल्यावर त्यांनी अहवाल प्रथमच सावकाश वाचला आणि मला बोलावून घेतले. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या. एकीवर कागदांचे गठ्ठे. ते त्यांनी स्वतः उचलून जमिनीवर ठेवले, तेव्हाच मी ओळखले की बसावे लागणार.

'मॅडम, ही तुलनेची माणसं कुठून आणलीत?'

'रुग्णाच्या शेजारच्या दारातून.'

'सगळी?'

'सगळी. अपवाद नाही.'

'अरे देवा,' बाई म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून त्यांनी हळूच विचारले, 'आणि ही शेजारची माणसं पाणी कुठलं पितात हो?'

'रुग्ण पितात तेच,' मी म्हणाले, आणि स्वतःचे उत्तर स्वतःच्या कानांनी ऐकले.

'दोन्ही पेल्यांत एकाच नळाचं पाणी ओतलंत,' बाई म्हणाल्या, 'आणि मग विचारलंत, पाण्यात फरक आहे का!'

तुला आठवत असेल, मी अन्वय आणि व्यतिरेक शिकवत असे. कारण आहे तिथे कार्य आहे, हा अन्वय. कारण नाही तिथे कार्य नाही, हा व्यतिरेक. दोन्ही पाय टेकल्याशिवाय अनुमान उभे राहत नाही. मी रुग्ण आणि निरोगी इतके सारखे निवडले की पाणी दोघांतही सारखेच आले. व्यतिरेकाला उभे राहायला मी जागाच ठेवली नाही. एकाच नळाचे दूषित पाणी पिणारे सगळेच पिवळे पडत नाहीत. पुष्कळांच्या शरीरात रोग येतो आणि लक्षण न दाखवता जातो. तेव्हा शेजारी निरोगी होता, एवढ्यावरून नळ सुटत नाही. माझ्या अहवालाने पाणी निर्दोष ठरवले नाही. त्याने पाण्याकडे पाहण्याची खिडकी बंद केली आणि बाहेर काही दिसत नाही असे जाहीर केले.

दातांच्या डॉक्टरने हे ऐकून, 'काखेत कळसा, मॅडम,' एवढेच म्हटले. उरलेली म्हण माझ्याकडे पाहून त्याने गिळली.

ही चूक निष्काळजीपणाची नाही, हे नोंदवून ठेवते. निष्काळजी माणसाला ती करताच आली नसती. त्याने चार माणसे वसाहतीच्या पलीकडून उचलून आणली असती आणि तो वाचला असता. तरी चूक ती चूक. त्याच दुपारी आरोग्य समितीला कळवले की अहवाल मी मागे घेत आहे. प्रबंध एक सत्र पुढे गेला. बाईंना वाटले मी खचेन. मी त्यांना विचारले की नवी तुलनेची माणसे निवडायला मतदार यादी कुठे मिळते. आता ती संपूर्ण प्रभागातून, चिठ्ठ्या टाकून निवडते आहे. वरच्या टाकीच्या लाइनवरची आणि वसाहत जिच्यावर आहे त्या खालच्या टाकीच्या लाइनवरची, जशी निघतील तशी.

यात घाई का, तेही सांगते. रुग्णांच्या रक्ताचे निकाल आले. ही ई प्रकारची कावीळ आहे. धडधाकट माणूस बहुधा तिच्यातून उठतो. गरोदर बाई, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, पुष्कळदा उठत नाही. वसाहतीत आज अशा काही बायका आहेत. शिंपीणबाईंची सून त्यांतली एक. तिला जायला माहेर नाही.

म्हणून विनंती: माझ्या पहिल्या अहवालावर विसंबून रद्द केलेली खणाई पुन्हा सुरू कर. तू माझ्या वाक्यावर विश्वास ठेवलास, यात तुझा दोष नाही. तीच चूक पुन्हा एकदा कर, एवढेच म्हणते. पुढचे वाक्य पाठवीन तेव्हा.

थोरली


२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

परवा फोन ठेवलास तेव्हा माझे उत्तर अर्धे व्हायचे होते. उरलेले इथे लिहिते. आधी तुझे म्हणणे जसेच्या तसे मांडते; पूर्वपक्ष विकृत करून खोडणे मला कधी आवडले नाही.

तू म्हणालास, 'माझं काही निर्दोष निघालेलं तुला बघवतच नाही, नाही का? महिनाभरसुद्धा टिकलं नाही!'

मग म्हणालास, 'समितीत माझं हसं झालं. साहेब, तुमच्या ताईंचं आज काय मत आहे, असं विचारतात मला, जिन्यात अडवून.'

मग म्हणालास, 'टाकीवर रोज तपासणी होते. क्लोरीन बरोबर आहे. कागद दाखवू?'

मी म्हणाले, 'टाकीला तोंड लावून कोणी पाणी पीत नाही.'

यावर तू फोन ठेवलास. पण त्याच्या आधी एक प्रश्न विचारला होतास. त्याकडे शेवटी येते.

पहिल्या दोन मुद्द्यांना उत्तर नाही, कारण ते मुद्दे नाहीत. तो राग आहे, आणि तुला त्याचा अधिकार आहे. हसे झाले ते माझ्यामुळे. तिसऱ्याचे उत्तर वर आलेच आहे; जरा उद्धट आहे, परंतु बरोबर आहे. टाकीत शुद्ध असलेले पाणी नळापर्यंत शुद्ध पोचते, हे तू गृहीत धरतोस. ते सिद्ध करायचे आहे.

आता नवी आकडेमोड. दातांच्या डॉक्टरने वेगळी केली, मी वेगळी केली, बाईंनी दोन्ही ताडून पाहिल्या. खालच्या लाइनचे पाणी पिणाऱ्यांत कावीळ होण्याचा संभव वरच्या लाइनवाल्यांच्या सुमारे सहापट आहे. योगायोगाने इतका फरक पडत नाही. वरच्या लाइनवर राहणारे जे थोडे रुग्ण आहेत, तेही बहुतेक दिवसभर खालच्या गल्ल्यांत कामाला असतात. बर्फ निर्दोष आहे; त्या गाडीवाल्याकडे जाऊन मी तसे सांगितले. तो म्हणाला, 'आता काय उपयोग बाई, गिऱ्हाईक गेलं ते गेलं.' तेही खरे आहे.

आता तुझा प्रश्न. 'खालच्या लाइनवर अकरा गल्ल्या आहेत. कावीळ चारच गल्ल्यांत. पाणी दोषी, तर बाकीच्या सात गल्ल्या काय अमृत पितात?'

हा आक्षेप उत्तम आहे. या संपूर्ण वादात इतका चांगला आक्षेप ना बाईंनी घेतला, ना परीक्षक घेतील. माझ्याकडे त्याचे उत्तर नाही. दोष खालच्या लाइनवर आहे, इथपर्यंत माझे शास्त्र मला आणते आणि सोडून देते. पुढे जमिनीखाली काय आहे, ते तुझे शास्त्र. माझा अंदाज शाळेच्या कोपऱ्याचा आहे, कारण तिथले गटार कायम तुंबलेले असते. पण तो अंदाजच आहे. रुग्णांची घरे दाखवणारा नकाशा सोबत जोडला आहे.

काल वसाहतीत गेले होते. पाणी उकळून प्या, असे घरोघर सांगत फिरते. शिंपीणबाईंचे म्हणणे, 'गॅस काय तुम्ही भरून देणार?' मी निघाले तेव्हा सून जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, 'आजी, तुमचा अभ्यास पुरा होईपर्यंत मी काय करू?'

मी 'उकळ' म्हणाले. तिने मान हलवली. दुपारी कामाच्या घाईत ती नळाखालीच पेला धरणार, हे तिला ठाऊक होते आणि मलाही.

तिला सहावा संपत आला आहे. तुझ्यावर दडपण आणण्यासाठी हे लिहिले का, असे तू विचारशील. होय.

थोरली


१५ मार्च

चि. धाकट्यास,

आरोग्य समितीच्या कालच्या सभेत तू होतास, मीही होते. तरी लिहिते, कारण दोघांनी पाहिलेली एकच गोष्ट आपल्या घरात कधी एक राहिलेली नाही.

अध्यक्ष म्हणाले, 'म्हणजे बाई, जानेवारीत पाणी चांगलं होतं आणि मार्चमध्ये वाईट झालं, असंच ना?' लोक हसले. तू दुसऱ्या रांगेत होतास आणि हसला नाहीस, हे मी पाहिले.

'पाणी तेच आहे,' मी म्हणाले. 'जानेवारीत मी चुकले होते. कशी चुकले ते सांगायला पाच मिनिटं लागतील. ऐकायचं आहे?'

त्यांना ऐकायचे नव्हते, तरी मी सांगितले. चुकीची फोड करून सांगण्याइतके माझे दुसरे काहीही स्वच्छ होत नाही. सांगून होईपर्यंत मागच्या बाकांवर टिपणे घेतली जात होती. नवे आकडे त्यानंतर ठेवले.

मग तू उभा राहिलास. 'अभ्यासकर्त्या बाईंना एक विचारायचं आहे,' म्हणालास. 'अकरांपैकी चारच गल्ल्या का?'

'माहीत नाही,' मी म्हणाले.

सभागृहात कोणीतरी चुकचुकले. मार्गदर्शक बाईंनी डोळे मिटून घेतले. 'माहीत नाही,' मी पुन्हा म्हणाले, 'आणि ते पाणीपुरवठा विभागालाच कळण्याची शक्यता अधिक आहे, असं माझं मत आहे.'

तू बसलास. उत्तर अपुरे होते; तरी तू त्याच्यावर तुटून पडला नाहीस. तसे करणे तुला सहज शक्य होते, आणि माझी सारी मांडणी तिथेच कोसळली असती.

पुढे जे व्हायचे तेच झाले. विषय पुढच्या बैठकीवर. अध्यक्षांच्या मते आणखी माहिती यावी. माहिती येतेच आहे. या आठवड्यात वसाहतीत आणखी घरे पिवळी झाली आणि त्यांतले एक शिंपीणबाईंच्या खालच्या मजल्यावरचे आहे. समितीच्या ठरावाशिवाय खणाई करायची नाही, हा नियम मला माहीत आहे. तो मोडल्यास काय होते, हे तुला माहीत आहे. मी तुला नियम मोड असे म्हणणार नाही. नियम पाळल्याने कोण वाचते आणि कोण वाचत नाही, एवढेच दोन रकान्यांत लिहून पाहा, म्हणते.

व्हरांड्यात तू माझ्याजवळून गेलास. 'नकाशा मोठा करून पाठव,' म्हणालास, पाय न थांबवता. सोबत पाठवीत आहे. घरागणिक ठिपका आहे. मजला ठिपक्याच्या आत लिहिला आहे. दातांच्या डॉक्टरने ठिपके रंगवले, म्हणून ते इतके सुबक आहेत. माझे असते तर ओघळले असते.

ताई


२९ मार्च

चि. धाकट्यास,

हे पत्र गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षर तसेच आले आहे. शिंपीणबाईंच्या दारातल्या पायरीवर बसले आहे.

तू वसाहतीचे पाणी बंद केलेस, ठरावाची वाट न पाहता, स्वतःच्या सहीने, ही बातमी मला तुझ्याकडून नव्हे, शिंपीणबाईंकडून कळली. फोनवर त्या जे बोलल्या त्याचा मथितार्थ असा होता की मला आणि त्या साहेबाला, दोघांनाही काही कामधंदा नाही.

शाळेच्या कोपऱ्यावर, म्हणजे मी सांगितले तिथे, खड्डा घेतलास आणि कोरडी माती निघाली, तेव्हा मी तिथे होते. दोरीच्या या बाजूला, गर्दीत. 'काय साहेब, खजिना लागला का?' असे एकजण ओरडला. तू वर पाहिले नाहीस. मला वाटले, आता तू हे काम गुंडाळशील, आणि गुंडाळलेस तर तुला दोष देता येणार नाही.

तू ते केले नाहीस. पुढचे मला दातांच्या डॉक्टरने सांगितले. तो रोज तिथे जाऊन उभा राहतो. तू लाइनमध्ये पाणी सोडलेस आणि एकेक व्हॉल्व्ह बंद करत गेलास, आणि प्रत्येक वेळी कोणत्या गल्लीचे नळ कोरडे पडतात ते पाहायला माणसे उभी केलीस. गोदामांच्या ट्रक तोलायच्या वजनकाट्याजवळचा व्हॉल्व्ह फिरवला तेव्हा चार गल्ल्या एकदम कोरड्या पडल्या. त्याच चार. बाकीच्या सातांत धार चालू. तुझ्या विभागाच्या एकाही आराखड्यात नसलेला जुना फाटा तिथून त्या चार गल्ल्यांना जातो, हे तुला असे कळले. धाकट्या, हा शुद्ध व्यतिरेक आहे. माझ्या वर्गात कधी बसला नाहीस, पण बसला असतास तर पैकीच्या पैकी दिले असते, आणि मी ते देत नसे.

मग तुझा संदेश. 'सापडलं. फाटा गटाराच्या चेंबरमधून गेलाय, सांधा उघडा. शाळेपाशी नाही, वजनकाट्यामागे. तू चुकलीस.' अखेरच्या वाक्याची गरज नव्हती. तरी ते वगळले असतेस तर मला चुकल्याचुकल्यासारखे झाले असते. पाणी बंद असताना रिकामा फाटा गटारातले आत ओढून घेतो आणि पाणी सुटले की तेच घरोघर पोचवतो, हे आता मला उमगले. प्रबंधात हे तुझ्या नावावर जाईल. 'एका अभियंत्याने' असे लिहिणार नाही.

विभागाने तुला कारणे दाखवा नोटीस दिली, असे ऐकले. कारणांची चिंता करू नकोस. कारणे दाखवणे हा माझा जन्माचा धंदा आहे. परिशिष्टांसह तयार आहेत.

आता इथली हकीकत. नवा फाटा टाकून होईपर्यंत चार गल्ल्यांना टँकर. रांग वजनकाट्यापर्यंत जाते. सुनेला सातवा संपत आला, तिला उन्हात उभे करता येत नाही. शिंपीणबाईंची शिवण अडली आहे. म्हणून सकाळी त्यांचा कॅन घेऊन मी रांगेत उभी राहिले. सोबत त्या आल्या, कारण मी नंबर सोडीन अशी त्यांना खात्री होती.

रांगेत तुझा उद्धार चालला होता. 'साहेबाच्या घरी बरं येतं पाणी?' 'त्याला म्हणावं, एक दिवस ये कॅन घेऊन.' मी आधी रोगाचा प्रसार, मग फाट्याची रचना, अशा क्रमाने समजावून सांगू लागले. पुढची बाई मागे वळून म्हणाली, 'व्याख्यान नको आजी, पाय पुढे टाका, रांग तुटतीये.'

तेवढ्यात एका रिक्षावाल्याने मला ओळखले. 'ह्याच त्या! आधी म्हणाल्या पाणी चांगलंय, मग म्हणाल्या वाईट आहे. आणि पाणी तोडलं तो साहेब ह्यांचा कोण लागतो, विचारा की!'

शिंपीणबाई माझ्याकडे पाहू लागल्या. त्यांनाही हे नवीन होते. 'ते पाणीपुरवठ्याचे मुख्य अभियंता आहेत' असे उत्तर मला देता आले असते, आणि ते खोटे ठरले नसते.

'भाऊ आहे,' मी म्हणाले.

'चुलत?' कोणीतरी विचारले.

'सख्खा. माझ्या पाठचा. आणि फाटा धड झाल्याशिवाय तो पाणी सोडणार नाही, तुम्ही इथे कितीही ओरडा. मी त्याला लहानपणापासून ओळखते.'

त्यानंतर तुझ्या वाटणीच्या शिव्या मला मिळाल्या. काही माझ्या ऐकण्यात नव्हत्या. एक तर रचनेच्या दृष्टीने फारच सुरेख होती. शिंपीणबाई दोन बायकांशी माझ्या बाजूने भांडल्या आणि मग परत येताना माझ्याशी भांडल्या, की आधीच सांगायला काय झाले होते. कॅन आम्ही दोघींनी मिळून वर आणला. सुनेने पहिला पेला भरून मलाच दिला. मी तो परत तिच्या हातात दिला आणि ती पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

शिंपीणबाई विचारताहेत, किती दिवस अजून. मी सांगितले, लागतील तेवढे. तू सांधे नीट बसव, दाब देऊन दोनदा तपास, आणि कोणी कितीही बोंबलले तरी घाई करू नकोस. रांगेकडे मी बघते.

ताई